उस्ताचा पाय

माणसाचा पाय अंगाला लागलेला असतो तोवर त्याचं वजन कळत नाही. मांडीपासून कापलेला पाय दोन्ही हातांवर घेतलात तर कळेल. दहा किलो तांदळाच्या पिशवीला भारी पडतो, आणि पिशवीसारखा मुकाट बसत नाही. गुडघ्यात वाकतो, घसरतो. हे मी ऐकीव सांगत नाही. लंडनला क्रॉयडनकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरचा पोर्टर होतो. पोर्टर म्हणजे हमाल. आपल्यातले काहीजण "हॉस्पिटलमध्ये असतो" एवढं म्हणून पुढचं गिळतात. मी गिळत नाही. हमाल होतो आणि चांगला हमाल होतो.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, दरवर्षी डॉक्टरच लिहितात. या वेळी तुम्ही लिहा." मी चौथी पास. घरात लिहायचं काम आमच्या इंदूचं, ती सातवी होती. गेल्या हिवाळ्यात ती गेली. आता घरात रेडिओशिवाय कुणी बोलत नाही. म्हणून बसलो लिहायला. शुद्धलेखन सुधारून घ्या, मजकूर सुधारू नका.

मुंबईत वॉर्डबॉय होतो. तिथले एक सर्जन साहेब इकडं आले, त्यांनी मला इकडं नोकरीला यायचं सरकारी व्हाउचर मिळवून दिलं, मागाहून इंदू आली. तिला त्याच हॉस्पिटलच्या सिव्हिंग रूममध्ये काम मिळालं. चादरी, डॉक्टरांचे गाऊन, थिएटरची हिरवी कापडं, सगळं त्या काळी धुऊन, रफू करून परत वापरायचे. मी वर, ती तळघरात. माझ्या आयुष्याचा इतिहास झाला एवढाच. आता कामाचं सांगतो.

थिएटर पोर्टरचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. वॉर्डातून पेशंट आणायचा, झाला की परत न्यायचा. पण ट्रॉलीवर आडवा पडलेला माणूस काय बघतो? छताचे दिवे आणि माझी हनुवटी. म्हणून मी दाढी रोज गुळगुळीत करायचो. घाबरलेल्या माणसाला खुंट बघायला लागू नयेत. ट्रॉली पायाकडून पुढं ढकलायची असा नियम. डोकं ढकलणाऱ्याकडं राहतं, चेहऱ्याचा रंग बदलला तर लगेच दिसतो. ईलिंगच्या एका मराठी डॉक्टरांची आई आमच्या भागात लेकीकडं आली होती, ती खुब्याचं हाड मोडून आमच्याकडं दाखल झाली. मी ट्रॉली हलवली तशी कडाडली, "मेल्या, पाय पुढं करून नेतोस? अजून जित्ती आहे मी!" मी ट्रॉली फिरवली आणि तिचं डोकं पुढं घेऊन, तिच्या तोंडाकडं बघत, लिफ्टपर्यंत उलटा चालत गेलो. सिस्टर माझ्यावर ओरडली. म्हातारी खूश झाली. आमच्या धंद्यात कुणीतरी एकजण ओरडतोच, कुणी ते आपण ठरवायचं.

आमच्या कामाची दुसरी बाजू कुणी विचारत नाही. थिएटरमधून माणूस बाहेर पडतो तशी कधी कधी बादलीही बाहेर पडते. लॅबला तपासायचं ते लॅबला जातं. बाकीचं पिवळ्या पिशवीत घालून मागच्या अंगणातल्या भट्टीत. भट्टीला उंच विटांची चिमणी होती. चिमणीतून काय जातं ते पोर्टर सोडून सगळे विसरलेले असायचे.

हे मला पहिल्यांदा विचारलं ते केतकीनं.

डॉ. केतकी पुण्याची. सर्जन व्हायला आलेली, हात चांगला, आणि मधेच हिला इतिहासाचं खूळ लागलं. अर्धा आठवडा आमच्याकडं चाकू, अर्धा आठवडा केंब्रिजला पुस्तकं. विषय काय, तर जुन्या काळी तुर्कस्तानात हातपाय कापायची वेळ आली की माणसं काय करायची. कापणारा न्हावी कोण, धरून ठेवणारे कोण, घरच्या बायका कुठं बसायच्या, आणि नंतर त्या माणसाचं गावात काय व्हायचं. त्यासाठी तुर्की भाषा शिकली होती. बुधवारी आमच्याकडं भाकरी खायला यायची. मी पहिल्या दिवशी "डॉक्टरीणबाई, तुम्ही" म्हणालो तर म्हणते, "काका, मला अगं म्हणा, नाहीतर भाकरी नको."

इंदूनं तिला तोंडावर विचारलं, "तू सर्जन ना गं? मग मेलेल्या तुर्कांच्या तंगड्या कशाला मोजत बसलीस?"

"काकू, कसं कापलं ते पुस्तकांत सगळं आहे. कापल्यावर त्या माणसाच्या घरात काय झालं ते फार थोड्यांनी लिहिलंय. ते शोधतेय."

"सापडलं तर काय करणार?"

"तेच केंब्रिजचे मास्तर पण विचारतात," केतकी म्हणाली आणि लोणचं वाढून घेतलं.

मग एकदा टेपरेकॉर्डर घेऊन आली. "काका, आपल्याकडं पाय कापतात. तो पाय कुठं जातो? कोण नेतं? नेताना झाकतात का?" मी सांगितलं तसं तिनं भरून घेतलं. माझा आवाज कधीतरी केंब्रिजला वाजला असेल. मला गंमत वाटली, आणि थोडं बरंही वाटलं. वीस वर्षं नेत होतो, कुणी विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास, पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल, उस्ता आमच्या वॉर्डात आला. सायप्रसचा तुर्क म्हातारा, धंद्यानं जोडे शिवणारा. त्यांच्यात कारागिराला उस्ता म्हणतात, आपला उस्ताद. बायको आधीच वारलेली. लेक नेरमिन ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवायची, दुपारी शटर ओढून बापाजवळ येऊन बसायची. साखरेनं त्याचा उजवा पाय सडत वर चालला होता. आमचे कन्सल्टंट, म्हणजे मोठे सर्जन, उंच, सभ्य आणि कायम घाईतले. त्यांनी स्वच्छ सांगितलं, पाय मांडीतून काढला नाही तर म्हातारा आठवडा काढणार नाही.

उस्ता सही करीना.

दोनदा त्याचं नाव ऑपरेशनच्या यादीत लागलं. दोनदा मी ट्रॉली घेऊन गेलो. तो पलंगाच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसायचा. शिव्या नाहीत, रडणं नाही, नुसती मान हलवायचा. मी रिकामी ट्रॉली घेऊन परत. रिकामी ट्रॉली भरलेलीपेक्षा जास्त वाजते. कन्सल्टंटना वाटलं म्हातारा चाकूला भितो. सिस्टरला वाटलं लेक नीट भाषांतर करत नाही. कुणीतरी म्हणालं डोक्याच्या डॉक्टरला बोलवा. तोवर वास पडद्याच्या बाहेर यायला लागला होता, आणि नेरमिन दोन्ही वेळा माझ्या मागं जिन्यापर्यंत येऊन म्हणाली होती, "प्लीज, उद्या परत या. मी समजावते."

तिसऱ्या दिवशी केतकी केंब्रिजहून आली. मी ऑक्सिजनचं नळकांडं बदलत तिथंच होतो. ती स्टुलावर बसली आणि तुर्कीत काहीतरी बोलली. म्हातारा पहिल्यांदा हसला. नेरमिनही हसली. मला इंग्लिशमध्ये सांगते, "बाबा म्हणतात, ही पोरगी त्यांच्या आजोबांच्या आजोबांसारखं बोलते!" पुस्तकातली भाषा ती. पण दार उघडलं.

मग केतकीनं त्याला विचारलं, "कापल्यावर तुमचा पाय कुठं जाईल असं वाटतं तुम्हाला?"

उस्तानं बोट केलं. खिडकीकडं. त्याच्या पलंगासमोर सबंध खिडकीत एकच वस्तू होती, आमची चिमणी. धूर चालू होता.

मग तो बराच वेळ बोलला. नेरमिन इंग्लिशमध्ये सांगत गेली. "बाबा म्हणतात, माझी आई, म्हणजे त्यांची बायको, कबरस्तानात आहे, तिच्या शेजारची जागा बाबांची. तिथं ते जाणार, आणि शेवटच्या दिवशी तिथून उठणार. एक पाय क्रॉयडनवर धूर होऊन उडाला तर तो कुठं शोधायचा? जन्मभर लोकांच्या पायांचे जोडे केले, आणि आईसमोर एका पायावर उभं राहायचं?" मग त्याच्या आज्याचं सांगितलं. आज्याचा हात लढाईत गेला होता. गावच्या लोकांनी तो हात कापडात गुंडाळून तुतीच्या झाडाखाली पुरला. दर सणाला आजा या पोराला घेऊन तिथं जायचा आणि उरलेल्या हातानं त्या हाताला सलाम करायचा.

मी केतकीकडं बघत होतो. दोन वर्षं ही पोरगी पुस्तकांत हेच हुडकत होती. आता समोर पलंगावर आलं. पेन्सिल तिच्या हातात होती. तिनं ती खिशात घातली आणि म्हाताऱ्याचा हात धरला. सर्जन पुष्कळ बघितले मी. ती मोठी सर्जन होणार हे मला तेव्हा कळलं.

कन्सल्टंट म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही, सर," केतकी म्हणाली.

ऑफिसातले साहेब म्हणाले, पाय पेशंटला परत द्यायचा असा नियम दिसत नाही. केतकी म्हणाली, द्यायचा नाही असा आहे का? तसाही नव्हता. आमचा हेड पोर्टर पॅट, आयरिश माणूस, म्हणाला, "आमच्या गावी असता तर पायासमोर रात्रभर व्हिस्की पीत बसलो असतो. घेऊन जा म्हणावं." तर ठरलं असं, की पाय भट्टीकडं न जाता शवागारात जाईल, आणि दुसऱ्या दिवशी नेरमिन अंत्यविधीवाल्याला घेऊन येईल.

तरी उस्ता सही करीना. म्हणाला, नेणारा माणूस दाखवा.

मला उभं केलं. त्यानं माझं तोंड बघितलंच नाही. म्हणाला, "जोडे काढ." काढले. उलटे करून टाचा बघितल्या, अंगठ्यानं चाचपल्या. नेरमिनला काहीतरी बोलला. ती म्हणाली, "बाबा म्हणतात, दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात. हा माणूस धडपडणार नाही." मला आतापर्यंत मिळालेलं सगळ्यात चांगलं सर्टिफिकेट ते. मग त्यानं मला एक अट घातली. त्यांच्यात जनाजा खांद्यावरून खांद्यावर जातो, वाटेत जमिनीला लागत नाही. "ट्रॉलीवर नको. हातावर. आणि वाटेत खाली ठेवायचं नाही."

म्हटलं, "नाही ठेवणार."

आता कापडाचं. गुंडाळायला कापड पाहिजे म्हटल्यावर हॉस्पिटलचं देऊ नये असं इंदूला वाटलं. "दुसऱ्यांच्या रोगानं धुतलेलं ते. माणसाचा पाय आहे तो." गावाहून येताना ट्रंकेत आणलेलं कोरं पांढरं मांजरपाट तिच्याकडं होतं. दोन संध्याकाळी बसून तिनं त्याची लांब पिशवी शिवली. हातशिलाई, टीप अशी बारीक की मोजता येऊ नये, तोंडाला नाडी. सिव्हिंग रूममध्ये इतकी वर्षं काढलेली बाई. तिच्या हातात कापड आलं की ते शिवलं जाणारच.

उस्तानं पिशवी मांडीवर घेतली. शिवणीवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. "मशीन?" इंदू म्हणाली, "हँड." तो मान डोलवत राहिला. मग नेरमिनशी हळूच बोलला. नेरमिनचं तोंड उतरलं. "आंटी, बाबा म्हणतात इंग्लंडात आल्यापासून इतकी सुंदर शिवण बघितली नाही. पण... केफेन शिवत नाहीत."

केफेन म्हणजे काय ते आम्हाला सांगायला लागलं नाही.

इंदूनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! आपल्यात तरी कुठं शिवतात? मेल्याला कोरंच लागतं. मला वाटलं, आख्खा माणूस नाही, नुसता पाय, पिशवीत नीट राहील." आणि मला म्हणते, "अहो, तुम्ही तरी सांगायचं की! रोज मुडदे नेता." मी काय सांगणार? मी शिवण बघून तोंडात बोट घालून बसलो होतो.

ती तिथंच पलंगाच्या कडेला बसली आणि उसवायला लागली. थोड्या वेळानं उस्तानं दुसरं टोक ओढून घेतलं. चांभाराची बोटं, नखं जाड, पण धागा तुटू न देता काढत होता. एका बाजूनं ती, एका बाजूनं तो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मधेच साबण, दुकान असे शब्द दोघांत सारखे निघाले की दोघं हसायची. सगळं उसवून झाल्यावर इंदूनं कापड उजेडात धरलं. सुईच्या भोकांची रांग दिसत होती. तिला वाईट वाटलं. उस्ता म्हणाला, ते नेरमिननं सांगितलं: "कातड्याची भोकं बुजत नाहीत. कापडाची धुतली की बुजतात."

इंदूनं कापड धुऊन, इस्त्री करून आणलं. उस्तानं बघितलं, आणि सही केली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. केतकी टेबलाशी होती. तिनंच पाय पुसला, आधी प्लॅस्टिकमध्ये आणि वरून इंदूच्या कापडात गुंडाळला, आणि दारात माझ्या हातांवर दिला. "काका, सावकाश."

थिएटर तिसऱ्या मजल्यावर, शवागार अंगणापलीकडं. पॅट लिफ्ट धरून उभा होता. तळमजल्याच्या लांब कॉरिडॉरमध्ये भेटायला येणाऱ्यांची गर्दी. मी पांढरं गाठोडं छातीशी धरून चाललोय. एक इंग्लिश म्हातारी, फुलं घेऊन, समोर आली. तोंडभर हसून विचारते, "अहाहा! बॉय ऑर गर्ल?"

मी म्हटलं, "बॉय."

"गॉड ब्लेस हिम," म्हणाली आणि गेली. इंदूला हे सांगितलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. आम्हाला मूलबाळ नाही.

शवागाराला कुलूप. तिथला माणूस चहाला गेलेला. मी त्या थंडीत दारासमोर उभा राहिलो. शेजारी चांगला बाक होता. हात आधी दुखले, मग बधिर झाले, मग आपले वाटेनात. तेवढ्यात दुसरा एक पोर्टर सिगारेट ओढायला बाहेर आला. "ठेव की बाकावर. तो काय पळून जाणाराय?" मी म्हटलं, तू तुझी सिगारेट ओढ. चहाला गेलेला आला, दार उघडलं, पाय जागेवर गेला. पुढं दोन दिवस मला चमचा धरता येत नव्हता.

उस्ता शुद्धीवर आला तेव्हा मी वॉर्डात गेलो. त्यानं नुसत्या भुवया वर केल्या. मी दोन्ही हात उलटे करून दाखवले आणि मान हलवली. नाही ठेवला. तो पुन्हा झोपला.

पुरायला इंदू रजा टाकून नेरमिनबरोबर गेली. परत आल्यावर म्हणाली, "एवढासा खड्डा हो. त्याच्या बायकोच्या अगदी शेजारी."

उस्ता नंतर काही वर्षं चांगला जगला. लाकडी पायावर चालायचा, कुरकुरायचा, कारण त्या पायाचा जोडा दुसऱ्यानं केलेला. नेरमिनच्या दुकानात बसून त्यानं इंदूसाठी बुटांची जोडी केली. मशीनचं पायडल मारून मारून तिच्या अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलं होतं, तेवढी बरोबर जागा ठेवून. एकदा आम्ही दुकानात गेलो तर इंदूला म्हणतो, "एक पाय बायकोकडं, एक पाय इथं. दोन घरं सांभाळणं फार कठीण." इंदू म्हणाली, "सांगा त्यांना, बायको म्हणत असेल, पाय पाठवला आणि जोडा कुठाय?" नेरमिननं सांगितलं. म्हातारा हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. तो गेला तेव्हा आम्ही दोघं कबरस्तानात होतो. नेरमिन इंदूच्या गळ्यात पडून म्हणाली, "आता बाबा पूर्ण झाले." आम्हाला अर्थ कळला.

केतकीच्या अभ्यासाचं सांगायचं राहिलं. तिनं प्रबंधात उस्ताचं नाव न घालता ही हकीगत लिहिली होती. परीक्षा घेणारे मास्तर म्हणाले, बाकी उत्तम आहे, पण हा इतिहास नव्हे, हे क्रॉयडन आहे, ही पानं काढा. तिनं काढली. डिग्री मिळाली, पण आमच्याकडं येऊन भाकरीसमोर रडली. "तीच पानं खरी होती, काकू."

इंदू म्हणाली, "उसवलंस ना? आता धू. भोकं बुजतात."

तेवढ्यावर पोरगी हसली. पुढं ती उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलात सर्जन झाली. अजून फोन करते. सांगत होती, आता पाय काढायचा असला की मी आधी विचारते, पायाचं काय करायचं. बहुतेक जण म्हणतात काहीही करा. पण एखादा असतो, ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या एकासाठी विचारायचं. मला वाटतं, मास्तरांनी पानं काढायला लावली तरी अभ्यास वाया गेला नाही.

आता माझं.

नव्वदनंतर इंदूच्या छातीत डाव्या बाजूला गाठ निघाली. आमच्याच हॉस्पिटलात. सगळी बाजू काढायची म्हणाले. केतकीला फोन केला, ती म्हणाली काढा, वाट बघू नका. इंदूनं सही केली, एका क्षणात. आदल्या संध्याकाळी मला म्हणाली, "अहो, एक सांगू?"

"सांग."

"उस्ताचा पाय तुम्ही पोचवलात. माझंही तुम्हीच पोचवा. दुसऱ्या कुणाच्या बादलीत नको."

"भट्टीतच जाणार ते, इंदू."

"जाऊ दे की. आपण काय पुरणारे आहोत? जळायचंच आहे. फक्त तुमच्या हातानं."

घरच्या माणसाचं ऑपरेशन असेल त्या दिवशी थिएटरमध्ये काम करायचं नाही असा नियम. पॅटकडं गेलो. तो म्हणाला, "नाही, शक्य नाही, घरी जा." मी गेलो नाही. मग त्यानं आपल्या अंगातला पोर्टरचा कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाला, "मी चहाला चाललोय. माझा कोट कुणी घातला तर मला दिसणार नाही."

झाकणाची पांढरी बादली होती. लॅबमध्ये नेऊन दिली. काही आठवडे त्यांच्याकडं राहतं, तपासणी पुरी होईपर्यंत. तोवर इंदू घरी आलेली, डावा हात वर होत नाही म्हणून चिडचिड करणारी. मग लॅबच्या माणसानं सांगितलं, घेऊन जा. मी घेतलं आणि तळघरातून भट्टीकडं निघालो. वाटेत सिव्हिंग रूम. दार बंद होतं. कागदी गाऊन आले होते, रफूचं काम कमी झालेलं, बायका आठवड्यातून थोडे दिवसच यायच्या.

तिथं मी थांबलो आणि दाराच्या उंबऱ्यावर ठेवलं. ठेवलं आणि शेजारी उभा राहिलो. मग उचललं आणि गेलो. भट्टीवाल्याला म्हटलं, तू बाजूला हो. झाकण मी उघडलं.

घरी आल्यावर इंदूनं विचारलं, "झालं?"

"झालं."

"वाटेत खाली ठेवलंत का?"

"एकदा. तुझ्या दाराशी. आपल्यात तिरडीला वाटेत विसावा असतो."

ती मग म्हणाली, "बरं केलंत. तुर्काला नको होता, मला हवा होता." आणि म्हणाली, "चहा टाका. माझा हात चालत नाही."

त्यानंतर काही वर्षं मिळाली. चांगली मिळाली, तक्रार नाही. मधल्या काळात भट्टी बंद झाली, चिमणी पाडली, मग हॉस्पिटलच बंद झालं आणि तिथं फ्लॅट झाले. गेल्या हिवाळ्यात दुखणं दुसरीकडून वर आलं आणि इंदू गेली. उस्ताचे बूट तिच्या पायात घाला म्हणालो तर अंत्यविधीवाले म्हणाले, चामडं जाळता येत नाही. मग राहिले. दाराशी आहेत.

इकडची अंत्ययात्रा तुम्हाला माहीत आहे. काळी मोटार घरून निघते ती थेट स्मशानात. तिथं वेळ ठरलेली, पुढची मंडळी बाहेर ताटकळत असतात. तिरडी नाही, खांदा नाही, विसावा नाही. मी मागच्या गाडीत बसलो होतो, आणि जुना रस्ता आला. मी आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला म्हटलं, हॉर्न दे, पुढच्याला थांबव. फ्लॅटच्या फाटकापाशी दोन्ही गाड्या थांबल्या. सिव्हिंग रूम होती ती बाजू आता सायकली लावायची जागा आहे.

काळ्या कोटातला ड्रायव्हर खाली उतरला. "काही अडचण आहे का, सर?"

"नाही," म्हटलं. "शी वर्क्ड हिअर. थोडी बसू दे तिला."

त्यानं टोपी काढून हातात धरली आणि फाटकाकडं तोंड करून उभा राहिला. मागं बस थांबली होती, तीही गप्प.

विसाव्यानंतर खांदेकरी जागा बदलतात, पुढचे मागं, मागचे पुढं. मी मागच्या गाडीत परत गेलो नाही. पुढच्या गाडीत, तिच्या गाडीत, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो.

म्हटलं, "चला. आता मी नेतो."